दर रविवारी भेटायला एक जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात प्राइड मोर्चा निघतो तेव्हा त्याची बातमी होते, फोटो छापून येतात. ते हवंच. पण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स माणसांना वर्षाचे उरलेले दिवसही याच शहरात काढायचे असतात, आणि त्या दिवसांत त्यांची गरज अगदी साधी असते: ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि तिथे आपल्याला ओळखणारी चार माणसं. या सगळ्यांना मिळून क्वीअर म्हणतात. क्वीअर मंडळींच्या अशा भेटीगाठी जुळवून आणण्याचं काम आम्ही काही जण करतो. ज्यांना असा कट्टा सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे जागा आहे पण द्यावी की नाही असा प्रश्न पडला आहे त्यांच्यासाठी, हे पत्र आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. तरीही कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा दुसरा क्वीअर माणूस भेटतो तो डेटिंग ॲपवरून, रात्री, अनोळखी ठिकाणी. तिथे समोरच्याने आपल्याला पसंत केलं की नाही एवढाच प्रश्न असतो. कॅरम खेळायला आलेल्या माणसांत तो प्रश्न नसतो, म्हणून तिथे मैत्री होते. प्रेमात पडायचं ते मागाहून पडतातच.

जागा शोधताना आधी मेट्रोचा नकाशा बघावा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. त्यामुळे सीताबर्डी, झाशी राणी चौक, शंकरनगर या पट्ट्यात जागा मिळाली तर पारडीची मुलगी आणि हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट करणारा मुलगा दोघंही कोणाच्या गाडीवर अवलंबून न राहता येतात. घरून गाडी मागायची म्हटलं की कुठे चाललीस, कोणासोबत, किती वाजता येशील, ही उत्तरं द्यावी लागतात. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर भेटू या, हे सगळ्यांनाच सुचतं. ओळखी झाल्यावर खुशाल जावं. पहिल्या भेटीला मात्र नको, कारण रविवारी संध्याकाळी अर्धं नागपूर तिथे असतं आणि कोणाचा ना कोणाचा मामा भेटतोच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी दुपारी साडेचार ते साडेसहा ही वेळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, दिवे लागेपर्यंत कोणी बाहेर पडत नाही, आणि भेट उशिरा ठेवली की होस्टेलच्या मुली गळतात. त्यावर आम्हाला जमलेला उपाय म्हणजे उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ, तर्री पोह्यांसोबत. हवी तर वेळ ऋतूप्रमाणे बदलावी, पण वार बदलू नये. परीक्षा, नोकरी, घरातलं लग्न यांत अडकलेला माणूस चार महिन्यांनी परत येतो, तेव्हा कट्टा तिथेच असेल याची त्याला खात्री हवी. दोनच माणसं आली तरी बसायचं. एकदा रद्द केलं की पुढच्या वेळी निम्मे जण गृहीत धरतात की आजही नसेल.

सहा ते बारा माणसं हा चांगला आकडा. चारच्या खाली गेलं की नवख्यावर सगळ्यांच्या नजरा खिळतात. बाराच्या वर गेलं की दोन टेबलं करावीत, नाहीतर मोठ्या आवाजाचे तिघंच बोलत राहतात.

सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते पहिल्यांदा येणाऱ्याकडे. तो बहुतेक वेळा रस्त्यापलीकडे गाडी लावून, हेल्मेट न काढता, दहा-पंधरा मिनिटं दाराकडे बघत उभा असतो आणि कित्येकदा तसाच परत जातो. ही तारांबळ टाळता येते. आदल्या दिवशी त्याला नेमका निरोप द्यावा: काउंटरच्या डावीकडचं दुसरं टेबल, टेबलावर पिवळी डबी, मी हिरव्या कुर्त्यात. आत आल्यावर कोणालाच काही विचारावं लागू नये. त्याच्याकडे बघायला एकच माणूस नेमावा, आणि त्या माणसाने त्या दिवशी दुसरं कुठलंही काम घेऊ नये. गोल करून ओळखपरेड अजिबात नको. नाव तो सांगेल ते. कुठे राहतोस, कुठे नोकरी करतोस, घरी माहीत आहे का, हे तीन प्रश्न पहिल्या दिवशी बंद. हातात सोंगटी किंवा पत्ते दिले की माणूस आपोआप बोलतो, आणि नाही बोलला तरी अवघडत नाही.

आता फोनचं. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि नंबरावरून नाव काढायला वेळ लागत नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करावी किंवा कम्युनिटीतला फक्त सूचनांचा ग्रुप वापरावा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्टची एक अडचण आहे. ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केला नसेल त्याला निरोप पोचतच नाही, आणि तो समजतो की आपल्याला वगळलं. हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. ग्रुपचं नाव 'रविवार कॅरम' असं साधं असावं, कारण जेवताना ताटाशेजारी पडलेल्या फोनवर ते आईलाही दिसतं. फोटो सगळ्यांना विचारूनच काढावेत. एकाने नाही म्हटलं तर त्याला बाजूला उभं करून फोटो काढायचा नाही, फोटोच काढायचा नाही. बाजूला उभं राहणं त्याला आठवडाभर लागतं.

पैशांसाठी टेबलावर डबा ठेवावा आणि रोख टाकावी. यूपीआयने पैसे दिले की बँकेतलं नाव समोरच्याच्या फोनवर उमटतं. नाव अजून कागदोपत्री बदललं नाही अशा ट्रान्स व्यक्तीला तेच जुनं नाव चारचौघांत ऐकावं लागतं. डब्याचा दुसरा फायदा असा, की कोणी काही टाकलं नाही तर ते कोणाला कळत नाही.

असे कट्टे बंद का पडतात, तेही आम्ही पाहिलं आहे. एकच माणूस सगळं करतो आणि त्याची बदली होते, म्हणून किल्ली, डबा आणि यादी किमान तिघांकडे असावी. दोघांचं जुळतं, मग तुटतं, आणि दोघांचे मित्र बाजू घेऊन येणं थांबवतात. अशा वेळी दोघांना आळीपाळीने, एका रविवारी एक, असं बोलवावं. दोन-तीन महिन्यांत निवळतं. कट्टा फक्त गे पुरुषांचा होऊन बसतो. मग एखादी मुलगी येते, तासभर गप्प बसते आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून संयोजकांत बाई असलीच पाहिजे. गप्पा इंग्रजीत वळल्या की गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून शिकायला आलेली पोरं मागे सरकतात, तेव्हा मराठी आणि आपली नागपुरी हिंदी चालू ठेवावी. दारूच्या पार्टीला कट्ट्याची भेट म्हणू नये, ती ज्याची त्याने वेगळी करावी. वयाची अट अठरा पूर्ण, यात सूट नाही. त्याहून लहान मुलाने संपर्क केला तर त्याला झिडकारू नये, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक किंवा खात्रीचा समुपदेशक सुचवावा.

वर्षातून एकदा, थंडीत, रोडग्यांचा बेत करावा. आमच्या अनुभवात माणसं इतकी जवळ आणणारं दुसरं काही नाही. पंधरा माणसांना तीन किलो जाडसर दळलेली कणीक, एक किलो तुरीची डाळ, अडीच किलो वांगी, अर्धा किलो तूप आणि चाळीस-पन्नास गोवऱ्या पुरतात. कणकेत ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन घालून ती घट्ट भिजवायची, लहान पोळ्या लाटून, तेल लावून एकात एक गुंडाळायच्या आणि गोळा वळायचा. बिघडतं ते नेहमी एकाच ठिकाणी: भूक लागलेली असते, धीर धरवत नाही आणि जाळ असतानाच रोडगे टाकले जातात. वरून कोळसा, आतून कच्चे. गोवऱ्या पेटवल्यावर पाऊण तास थांबावं, धूर पूर्ण जाऊन फुफाटा झाला की मग रोडगे त्यात पुरावेत, अर्धा-पाऊण तास फिरवत भाजावेत, फडक्याने राख झटकून फोडावेत आणि तुपात बुडवावेत. या दिवशी पंधरा जणांना पंधरा कामं असतात. गर्दीत बुजणारा लसूण सोलत बसतो, आणि शेजारी लसूण सोलणारी त्याची पुढची दहा वर्षांची मैत्रीण होते. घरच्यांनी नातं तोडलेल्या माणसाला पंगतीत आग्रहाने दुसरा रोडगा वाढला जातो, तेव्हा त्याचा चेहरा बघावा.

दिवाळीत कट्टा बंद ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती. ज्यांना घरी जाता येत नाही, किंवा घरी गेलं की लग्नाच्या स्थळांशिवाय विषयच नसतो, त्यांना त्याच चार दिवसांत सगळ्यात एकटं वाटतं. लक्ष्मीपूजनानंतर रात्री नऊला कोणाच्या तरी गच्चीवर फराळ, एवढं पुरतं. कोजागिरीलाही तसंच करावं.

ॲपवरून भेटायला बोलावून, व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या सगळीकडे आहेत. कट्ट्यावर याबद्दल उघड बोललं पाहिजे, कारण फसलेला माणूस लाजेने गप्प राहतो आणि टोळीचा धंदा त्याच गप्प राहण्यावर चालतो. पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी, त्याआधी व्हिडिओ कॉल, आणि एका मित्राला लाइव्ह लोकेशन. तरी प्रसंग आलाच तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. घाबरून चॅट पुसू नयेत, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपावेत, जागेवर धोका असेल तर ११२, पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३०. खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. गे असणं कुठल्याच कलमाखाली गुन्हा नाही. ठाण्यात एकट्याने जाऊ नये, कट्ट्यावरचे दोघं सोबत असावेत.

मैत्री पक्की झाली की थोडी कागदपत्रंही करावीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, त्यामुळे जोडीदार किंवा जिवलग मित्र कागदावर कोणीच नसतो. पण केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की क्वीअर व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेत नकार मिळाला तर त्या पत्रकाची प्रत दाखवावी आणि नकार लेखी मागावा. नॉमिनीला पैसे मिळतात, मालकी मिळेलच असं नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावं. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. मात्र ज्याला द्यायचं त्यालाच साक्षीदार करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १४ प्रमाणे मानसिक आजाराच्या उपचारांपुरतं, साध्या कागदावर सही करून कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, त्यासाठी रक्ताचं नातं लागत नाही. आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीत दोन मित्रांचे नंबर आजच टाकावेत.

आता आपल्याकडे मागणं. मोर्चाचे फोटो छापताना चेहरा जवळून दिसत असेल तर त्या व्यक्तीला विचारावं. मागच्या रांगेत उभा असलेला मुलगा घरी न सांगता आलेला असू शकतो, आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर त्याच्या घरीही येतो. शहरातली वाचनालयं, मंडळांची सभागृहं आणि कॅफेवाले यांनी रविवारचे दोन तास नेहमीच्या भाड्याने द्यावेत. सवलत नको. फक्त दारावर कोण येतंय-जातंय याची चौकशी नको, आणि स्वच्छतागृह वापरणाऱ्या ट्रान्स व्यक्तीला कोणी अडवू नये, एवढं कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.

आपल्या 'शहरात आज' सारख्या सदरात भजनी मंडळ, योगवर्ग, पुस्तक भिशी यांच्या सूचना येतात. त्याच टाइपात, त्याच रकान्यात आमचीही एक ओळ यावी. पत्ता छापू नये, तो विचारणाऱ्याशी बोलून मग आम्ही कळवू. मजकूर एवढाच: क्वीअर मित्रमंडळींचा कट्टा, दर रविवारी, सीताबर्डी मेट्रोजवळ, वय १८ पूर्ण, पहिल्यांदा येणाऱ्यांनी आदल्या दिवशी ईमेल करावा.

आपले,
क्वीअर कट्ट्याचे काही संयोजक, नागपूर