विषय : नदीचे पैसे घेऊन रस्ता दाखवल्याबद्दल

पाचपाखाडी, ठाणे (प.)
दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
संचालक,
कंपनीचं वाशी ऑफिस

महोदय,

तुमच्या ऑफिसला केलेला माझा सातवा फोन आत्ताच संपला. 'मॅडम, तुमचं तिकीट क्लोज झालंय,' म्हणजे तक्रार मिटली, असं सांगण्यात आलं. कोणाच्या समाधानाने क्लोज झालं, हे विचारेपर्यंत फोनही क्लोज झाला. म्हणून हे पत्र. ते क्लोज करायला निदान कोणाला तरी आधी उघडावं लागेल.

पदुम ते निम्मू, लडाखमधल्या झंस्कार नदीतून, पाच दिवस राफ्टवर आणि चार रात्री काठावर तंबूत. हे तुम्ही विकलंत, हे आम्ही घेतलं. दोघांचे मिळून १,३४,००० रुपये, विमानाचं भाडं वेगळं. वेटसूटचं भाडं त्याहून वेगळं, माणशी १,५०० रुपये, पाच दिवसांचं. हातात काय पडलं, तर चिलिंग ते निम्मू. साधारण २८ किलोमीटर. सकाळी बसलो आणि दुपारच्या जेवणाला उतरलो. असल्या सहलीला आमच्याकडे पिकनिक म्हणतात आणि ती कोलाडला होते.

बाकीच्या चार दिवसांचा हिशोब तुमच्याकडे नसेल, तर माझ्याकडे आहे. १६, १७ आणि १८ जुलै पदुमच्या कॅम्पमध्ये, १९ जुलै टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. त्यातल्या एका दिवशी आम्हाला कर्षा गोंपा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, दाखवण्यात आली. गोंपा फार सुंदर आहे, तिला मी नाव ठेवणार नाही. पण कर्षा गोंपाला राफ्ट जात नाही, आणि मी वेटसूटचे पैसे गोंपा बघायला भरले नव्हते.

१६ तारखेला सकाळी सांगितलं, 'पाणी वाढलंय, आज नाही.' मी एक शब्द बोलले नाही. नदीपुढे कोणाचं चालत नाही, एवढं मला कळतं. येताना पेन्सी ला या खिंडीत, ४,४०० मीटरवर, गाडीतून उतरून द्रांग-द्रुंग हिमनदी डोळे भरून पाहिली होती. तिथून निघालेलं पाणी पदुमपाशी दुसऱ्या नदीला भेटतं आणि तिथून पुढे ती झंस्कार होते. आपण जिच्यावर बसणार तिचं माहेर पाहून आलो, असं मी ह्यांना म्हटलं सुद्धा. तेव्हा एक दिवस थांबायला माझी ना नव्हती. लेहमध्ये हवामान अंगवळणी पडावं म्हणून दोन दिवस नुसते बसून काढले, तेव्हाही नव्हती.

१७ तारखेला सकाळी पुन्हा तेच, 'पाणी वाढलंय.' आणि आम्ही चहाचे कप घेऊन उभे असताना, आमच्याच काठावरून, दुसऱ्या एका कंपनीच्या तीन राफ्ट पाण्यात उतरल्या. दोन राफ्टमध्ये माणसं, एकीत सामान. पुढे-मागे दोन सेफ्टी कयाक, म्हणजे पाण्यात पडलेल्याला वाचवायच्या छोट्या होड्या. त्यातल्या एका मुलीने आम्हाला हातही केला. आम्हीही केला. दुसरं करणार काय?

त्यांची नदी वेगळी होती का? त्यांचं पाणी कमी होतं का? हिमनदीच्या नदीला पाणी चढतं ते दिवसभराच्या उन्हाने, म्हणून सकाळी लवकर निघायचं, हे तुमच्याच माहितीपत्रकाच्या सहाव्या पानावर छापलं आहे. ते पान मी वाचलं होतं. तुमच्या ऑफिसात ते कोणी वाचलेलं दिसत नाही.

खरं कारण आम्हाला त्या संध्याकाळी तुमच्याच गाईडकडून कळलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही पहिली कारवाई त्याच्यावरच कराल. मी खोदखोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, 'दीदी, पानी तो ठीक है।' दुसरी राफ्ट लेहहून आलीच नव्हती. सेफ्टी कयाकवाला आजारी पडून घरी गेला होता आणि त्याच्या जागी तुम्ही कोणालाच पाठवलं नव्हतं. एकाच राफ्टवर आठ माणसं आणि त्यांचं चार दिवसांचं सामान घेऊन त्या घळईत शिरायला त्याने साफ नकार दिला होता. वाशीहून फोनवर दबाव येऊनही दिला होता. घळईत राफ्ट उलटली आणि मागे दुसरी नसली, तर पाण्यातल्या माणसाला ओढायचं कोणी, हे तुम्हाला सांगायला नको. धंदा तुमचा आहे. आमची माणसं घरी सुखरूप आली ती त्या एका पोराच्या नकारामुळे. बक्षीस द्यायचं असेल तर त्याला द्या.

म्हणजे पाणी वाढलं नव्हतं. तुमची तयारी कमी पडली होती. हेच १६ तारखेला सकाळी सांगितलं असतंत, तर मी चिडले असते, दोन शब्द बोलले असते आणि विषय संपला असता. तुम्ही खापर नदीच्या डोक्यावर फोडलंत. तिला बिचारीला कुठे बोलता येतं.

मग १९ तारखेचा टेम्पो. 'जिथे रस्त्याचा मागमूसही नाही अशा घळईतून पाच दिवस,' हे तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचं वाक्य. निम्मू ते पदुम आणि पुढे हिमाचलमधल्या दारचा गावापर्यंतचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला. २९८ किलोमीटरचा. सीमा सडक संघटनेने खडक फोडून नदीच्या कडेने नेला, पेपरात फोटो आले होते. तुमचं माहितीपत्रक त्यानंतर वर्षभराने छापलेलं आहे. ज्याचा मागमूस नाही म्हणालात त्याच रस्त्यावरून तुम्ही आम्हाला दिवसभर धूळ खात आणलंत. त्या रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. हिवाळ्यात त्या लोकांना गोठलेल्या नदीवरून चालत बाहेर यावं लागायचं, त्यांना रस्ता हवाच होता. पण मग तो आहे असं छापा. नेरक गाव आलं तेव्हा ड्रायव्हरने गाडी हळू केली. आमचा तिसऱ्या रात्रीचा तंबू तिथे पडायचा होता. खिडकीतून बघितलं आणि पुढे गेलो. हे काहीच बोलले नाहीत. ३१ वर्षांच्या संसारात ते काहीच बोलले नाहीत की मला कळतं किती लागलंय ते.

आता त्या फोनबद्दल, ज्यामुळे माझा संयम सुटला. १४ ऑगस्ट, दुपारचे पावणेचार. तो पाचवा फोन. खाली गोविंदा पथकाची तालीम चालू होती, स्पीकरवर गाणी, म्हणून सगळ्या खिडक्या लावून, पंखा बंद करून, वही-पेन घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. घाम गळत होता. तुमच्याकडे बोलणाऱ्या मुलाचा हुद्दा 'कस्टमर हॅपिनेस' काहीतरी होता. बोलायला गोड. सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मला तसं वाटलं. बारा मिनिटं मी बोलले. मग तो म्हणाला,

'मॅडम, तुमच्या पॅकेजचं नाव काय आहे?'

मी म्हटलं, 'झंस्कार रिव्हर जर्नी.'

'करेक्ट. जर्नी म्हणजे प्रवास. प्रवास तर झाला ना?'

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. मी खिडकी लागली आहे का ते बघून आले. लागलेली होती. म्हटलं, 'अहो, प्रवास राफ्टमधून व्हायचा होता.'

'पण मॅडम, टेम्पोतून नदी दिसत होती ना?'

'दिसत होती.'

'कंटिन्यू दिसत होती?'

'बऱ्यापैकी.'

'मग रिव्हर पण झाली, जर्नी पण झाली.'

मी ३० वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. लोकांनी मला पासबुकं फेकून मारली आहेत. बोलायला शब्द सुचला नाही, असं त्या ३० वर्षांत दोनदा झालं असेल. हे तिसऱ्यांदा. आणि मी गप्प बसले याचा त्याने वेगळाच अर्थ काढला. आवाज आणखी मऊ करून म्हणाला, 'काकू, खरं सांगू का? तुमच्या वयाला ते पाच दिवस झेपले नसते. एका अर्थी बरंच झालं.'

काकू! पहिल्या मिनिटाला मॅडम होते, तेराव्या मिनिटाला काकू झाले.

माझं वय ५४. ते तुमच्या फॉर्मवर आहे, डॉक्टरच्या सर्टिफिकेटसकट, आणि ते बघूनच तुम्ही पैसे घेतलेत. पैसे घेताना ते झेपणारं होतं. या ट्रिपसाठी मी फेब्रुवारीपासून दर रविवारी येऊरचा चढ चढत होते. पालिकेच्या तरण तलावात पहाटेच्या बॅचला नाव घातलं होतं. पाण्यात पडलं की पाय पुढे, नाक वर आणि उभं राहायचं नाही, हे मी झोपेतही सांगेन. चिलिंगच्या खाली ग्रेड तीनच्या, म्हणजे मध्यम अवघड, लाटेत आमच्या राफ्टमधला जो एकमेव मनुष्य बाहेर पडला तो २६ वर्षांचा होता, आणि त्याच्या जॅकेटच्या पट्ट्याला धरून त्याला आत ओढणारी बाई कोण होती, ते तुमच्या गाईडला विचारा. बरंच झालं म्हणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याच मुलाने पुढे आणखी एक रत्न काढलं. मार्ग बदलल्याचं कळवायला म्हणे तुमच्या ऑफिसने मला १६ जुलैला तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही, म्हणून माझी संमती धरली. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, हे तुमच्याच सूचनापत्रात ठळक अक्षरांत आहे, आणि माझं सिम प्रीपेड असल्याचं मी फॉर्मवर लिहून दिलं होतं. जो फोन लागणारच नाही तो तीनदा लावायचा आणि 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणून मोकळं व्हायचं. माझ्या शेजारी, पदुममध्ये, तुमचा स्वतःचा माणूस उभा होता. त्याच्यातर्फे विचारता आलं असतं की.

शेवटी नुकसानभरपाई म्हणून काय देऊ केलंत, तर कोलाडच्या राफ्टिंगचं ३,००० रुपयांचं व्हाउचर. ३० सप्टेंबरपर्यंत, तेही फक्त सोमवार ते गुरुवार. कोलाडला मी बँकेबरोबर दोनदा जाऊन आले आहे. भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी कुंडलिकेत येतं, त्यावर दीड-दोन तास बसायचं, खेकड्याचं कालवण हाणायचं आणि रात्री ठाण्यात परत. मजा येते. पण झंस्कारच्या बदल्यात कुंडलिका हे कोणत्या काट्यावर तोललंत?

खरं सांगायचं तर पैशांइतकंच दुसरं एक लागलं आहे. २०१७ साली आम्ही तुमच्याबरोबर शिवपुरीला गंगेवर आलो होतो. तेव्हा तुमचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक फोन होता आणि तो फोन तुम्ही स्वतः उचलायचात. आमच्या ग्रुपमध्ये तुम्ही स्वतः होतात. प्रत्येकाच्या जॅकेटच्या क्लिपा हाताने ओढून बघत होतात, माझी सैल होती म्हणून मला रागावला होतात. त्या रागावण्यावर विश्वास ठेवून मी आठ वर्षं ओळखीच्यांना तुमचा नंबर देत आले. दोन भावजया, एक नणंद आणि अर्धी ठाणे शाखा तुमच्याकडे पाठवली. त्या माणसाने एक राफ्ट, सेफ्टी कयाक नाही, अशी टोळी घळईत ढकलायला फोनवरून दबाव टाकला असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. तुम्हाला यातलं काहीच माहीत नसेल, असं मी अजूनही धरून चालते आहे. माहीत असेल तर पुढचं वाचा.

राफ्टिंगच्या न झालेल्या चार दिवसांचे पैसे परत हवेत. दोघांच्या वेटसूटचे चार दिवसांचे पैसे परत हवेत. ते २,४०० रुपये होतात आणि क्षुल्लक रकमेसाठी भांडते आहे असं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. माझ्या वेटसूटचा डावा गुडघा मुळात फाटका होता. माहितीपत्रकातलं 'मागमूसही नाही' काढा. आणि 'काकू' बद्दल लेखी माफी हवी, त्या मुलाची नको, तुमची. त्याला तसं बोलायला कोणीतरी शिकवलं असणार.

१५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तारखांना यायचं ते तुम्हाला. रक्कम पाच लाखांच्या आत असली की फी लागत नाही, वकील नाही केला तरी चालतो, आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली असल्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे. पावत्या, तुमचे मेसेज, १७ तारखेला सकाळी पाण्यात उतरलेल्या त्या तीन राफ्टचा व्हिडिओ, सगळं फाइलला लावलं आहे. या पत्राची एक प्रत मी स्वतः ट्रान्सहार्बरने वाशीला येऊन तुमच्या रिसेप्शनवर देईन आणि शिक्का मारून घेईन.

फोन करू नका. लिहून कळवा.

तुमची ५४ वर्षांची ग्राहक
(बुकिंग क्रमांक तुमच्याकडे आहे, सात वेळा सांगून झाला आहे.)

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला, 'आमच्याबरोबरचा राफ्टिंगचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.' एक दिला आहे. पाचपैकी एकच दिवस झाला होता.