किल्ल्याला फोटो कशाला बघायला पाहिजे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली, गल्लीत विटा-माती-पोती गोळा व्हायला लागलीत म्हणून लिहितोय. मी वडगावात फ्लेक्सचं काम करतो. पूर्वी ब्रशनं बोर्ड रंगवायचो, आता टेम्प्लेट उघडायचं, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, झाला वाढदिवस. गेल्या दिवाळीत पुतणी म्हणाली काका वाघ काढून दे, तर पेन्सिल बाजूलाच राहिली आणि हात गेला मोबाईलकडे, वाघाचा फोटो शोधायला. ज्या हातानं एकेकाळी नुसत्या अंदाजानं भिंतभर अक्षरं बसवली तो हात! लाजच वाटली.

मग तिच्या किल्ल्यापाशी जाऊन उभा राहिलो, तर "नुस्तं बघत काय राहिलास, माती कालव की" म्हणून तिनं बादलीच पुढं सरकवली. चिखलात बुडवलेलं पोतं विटांवर टाकलं की ते सुरकुतेल तिथं घळ होते, आपण काही ठरवत नाही. एका जागी पोतं फाटलेलं, पोरं म्हणाली ही गुहा, आणि आत बसवला प्लॅस्टिकचा डायनासोर (म्हटलं असू दे, महाराज सांभाळून घेतील). हळीव पेरले ते एकाच बाजूला उगवले, तर हिरवी बाजू कोकण आणि उघडी बाजू देश! हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

स्पर्धेचे परीक्षक आले, कुठला किल्ला, फोटो दाखवा, बुरूज किती. आमच्या किल्ल्याला नावच नाही, मार्क कट. पहिला नंबर थर्माकोलच्या राजगडाला, तोही यूट्यूब बघून मोठ्यांनी केलेला. नक्कल वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे, पण तिथंच थांबले नाहीत, पुढं देवासला आजारपणात गाणं बंद असताना कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. अमेरिकेत २००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राऊन या संशोधकांनी ६ जॅझ पियानोवादकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून वाजवायला लावलं, तेव्हा पाठ केलेलं वाजवण्यापेक्षा ऐनवेळी सुचेल ते वाजवताना मेंदूतला, स्वतःवर पहारा ठेवणारा भाग बराच शांत झालेला दिसला. आपण तर पहारेकरीच घरी आणून बसवतोय, हातात मार्कांचा कागद देऊन.

मंडळांना विनंती एवढीच, यंदा लहान मुलांचा एक गट असा ठेवा की फोटो बघायचा नाही, मोठ्यांनी हात लावायचा नाही आणि नंबर काढायचे नाहीत. परीक्षकांनी पाच मिनिटं खाली बसून पोरं किल्ल्याची काय गोष्ट सांगतात ती ऐकावी.

आणि हो, तो वाघ मी त्याच रात्री काढला, मोबाईल न बघता. पार मांजर झालं. पुतणीनं बघितलं आणि म्हणाली, "मिशा आजून लांब कर."

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव