रिमोट स्टार्टचे किट घेण्याआधी गिअर पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे तालुक्याच्या गावांतील मोटारीच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑटो-इलेक्ट्रिकची कामे करणाऱ्या कारागिरांकडे एका वस्तूची चौकशी वाढते. जुन्या गाडीला वरून बसवता येणारे, रिमोटचे बटण दाबताच गाडी सुरू करून देणारे हे किट ऑनलाइन दोन-तीन हजार रुपयांपासून मिळते आणि बसवणावळ धरूनही सगळे नव्या गाडीच्या एका हप्त्यात भागते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या शेडखाली उभ्या असलेल्या बंद गाडीत दुपारी बसणे सोडाच, स्टिअरिंगला हात लावणेही कठीण होते. घरात म्हातारी माणसे असतील, दिवस भरलेली सून असेल, नवतप्याच्या भर दुपारी उपजिल्हा रुग्णालय गाठायचे असेल, तर एसी आधी दहा मिनिटे चालू करून ठेवता यावा ही इच्छा काही चैनीची म्हणता येणार नाही. त्यामुळे या किटला सरसकट नाके मुरडण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही.

मोटारगाड्यांच्या विजेचे काम मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे शिकवले आहे. त्या अनुभवावरून माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्याकडच्या जुन्या गाड्या जवळजवळ सगळ्या हाताने गिअर टाकायच्या आहेत, आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून घेणारी जोडणी होणार नसेल, तर अशा गाडीला हे किट बसवूच नये, मग ते कितीही स्वस्त असो. बाजारातील पुष्कळशी स्वस्त किटे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. त्या गाड्यांत गिअरचा दांडा पार्किंगला किंवा न्यूट्रलला असल्याखेरीज सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, वीजच पोचत नाही, म्हणून किटने वेगळी काळजी घेतली नाही तरी निभावते. आपल्या जुन्या जीप, सुमो, बोलेरो, ओम्नी यांपैकी बहुतेक गाड्यांत असा कोणताही अडसर नसतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली की सेल्फ लागतो आणि गाडी पुढे उसळी मारते. त्या वेळी आसनावर माणूस असतो, त्याचा पाय आपसूक क्लचवर किंवा ब्रेकवर जातो आणि प्रकरण हसण्यावारी जाते. रिमोटने सुरू केलेल्या गाडीत पाय ठेवायला कोणीच नसते. त्यातून इंजिन डिझेलचे असेल तर ते एकदा पेटल्यावर बंद पडेलच असे नाही. अॅक्सिलरेटरला हात न लावता पहिल्या गिअरमध्ये रांगत जाण्याइतकी ताकद त्याच्यात असते, आणि अंगणातले कुंपण, उभी मोटारसायकल किंवा खाटेवर बसलेले माणूस त्याला दिसत नाही.

यात दुर्दैव असे की आपल्या चालकांची एक चांगली सवयच येथे घातक ठरते. गाडी उभी करताना ती गिअरमध्ये टाकून उतरावे, हे ड्रायव्हिंग शिकवणारा प्रत्येक जण सांगतो आणि ते बरोबरच आहे. जुन्या गाडीच्या हॅन्डब्रेकची केबल ताणून सैल झालेली असते, मागचे लायनर झिजलेले असतात, आणि चिखलदऱ्याच्या घाटात गाडी थांबवायची झाली तर गिअर आणि चाकाखालचा दगड यांवरच भरवसा ठेवावा लागतो. वीस-वीस वर्षे अंगवळणी पडलेली ही सवय किट बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सुटत नाही. शिवाय खेड्यात गाडी एकाच्या हातात नसते; भाऊ नेतो, पुतण्या नेतो, शेजारी मागून नेतो, आणि त्यांपैकी प्रत्येकाला आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आहे हे ठाऊक असेलच असे नाही.

यावर उपाय नाही असे नाही. हाताच्या गिअरसाठी मुद्दाम बनवलेल्या किटमध्ये एक पद्धत ठरवून दिलेली असते. गाडी उभी केल्यावर इंजिन चालूच ठेवायचे, गिअर न्यूट्रलला आणायचा, हॅन्डब्रेक ओढायचा, रिमोटचे बटण दाबायचे आणि मग किल्ली काढायची. किल्ली काढल्यावरही इंजिन चालू राहते. चालकाने बाहेर येऊन सर्व दारे लावली की किट स्वतः इंजिन बंद करते आणि पुढच्या वेळी रिमोटने सुरू होण्यास तयार राहते. पायाने क्लच न दाबता इंजिन चालू राहिले याचा अर्थ गिअर न्यूट्रलमध्येच होता, आणि त्यानंतर दार उघडले नाही याचा अर्थ आत जाऊन कोणी दांडा हलवला नाही, असा हा साधा हिशेब आहे. मध्ये एखादे दार उघडले गेले, तर तयारी रद्द होते आणि रिमोटने गाडी सुरू होत नाही. मात्र हा हिशेब जुळण्यासाठी प्रत्येक दाराचा स्विच शाबूत असावा लागतो. जुन्या गाडीत मागच्या दारांना अनेकदा स्विच नसतोच, पुढचा असला तर गंजून बसलेला असतो, आणि कापडी टपाच्या जीपला तर दारच नसते, तेव्हा तिच्यासाठी ही पद्धत निरुपयोगी समजावी. तेथे गिअरबॉक्सवर न्यूट्रल ओळखणारा स्विच बसवता आला तर पाहावे, अन्यथा रिमोट स्टार्टचा नाद सोडावा.

नेमके येथेच आमचे काही कारागीर बंधू आडवाट काढतात. हॅन्डब्रेकच्या स्विचची वायर शोधत बसायला नको म्हणून किटची ती वायर थेट बॉडीला अर्थ करून टाकली जाते. किटला वाटते हॅन्डब्रेक कायम ओढलेलाच आहे. गिऱ्हाइकापुढे गाडी पहिल्या बटणाला सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देते आणि सुरक्षेचा एक महत्त्वाचा पहारेकरी त्या स्क्रूखाली कायमचा दाबला जातो. बॉनेटखालच्या स्विचचेही तसेच. हा छोटा स्विच बॉनेट उघडे असताना गाडी सुरू होऊ देत नाही, पण तो बसवायला पत्र्याला भोक पाडावे लागते म्हणून पिशवीतच राहून जातो. आपल्याकडे अर्धी दुरुस्ती अंगणातच होते. एक जण फॅनबेल्टला हात लावून वाकलेला असतो आणि रिमोट घरात खुंटीवर लटकलेला, लेकरांच्या हाताला येईल असा असतो. किट बसवून घेताना मालकाने स्वतः उभे राहून हॅन्डब्रेक खाली सोडून आणि बॉनेट उघडून बटण दाबायला लावावे. दोन्ही वेळा गाडी सुरू झाली नाही, तरच पैसे द्यावेत.

गाडीच्या प्रकारानुसार आणखीही अडचणी आहेत. कार्ब्युरेटर आणि थंड इंजिन सुरू करताना हाताने ओढायचा चोक असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीचा चोक किट ओढू शकत नाही, त्यामुळे डिसेंबरच्या थंड सकाळी नुसताच सेल्फ फिरत राहतो. डिझेल गाडीत सुरू करण्याआधी इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबण्याची सोय किटमध्ये आहे का, हे विचारून घ्यावे लागते. काही जुन्या जीपगाड्या किल्लीने बंदच होत नाहीत, त्यांना स्टॉपची दांडी ओढावी लागते. अशी गाडी किट सुरू करील, पण बंद करू शकणार नाही. आणि इंजिन लागले आहे हे किटला कशावरून कळते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगले किट इंजिनाचे फेरे किंवा अल्टरनेटरची वायर पाहून सेल्फ सोडते, तर अगदी स्वस्तातले किट ठरावीक वेळ सेल्फ मारते, मग इंजिन आधीच लागलेले असले तरी फ्लायव्हीलची रिंग, म्हणजे सेल्फ ज्यात अडकतो ते इंजिनाचे दातेरी चाक, खरडत राहते.

वायरिंगबद्दल मी थोडे कडक बोललो तर कारागिरांनी राग मानू नये. किल्लीच्या मागची मूळ वायर सोलून तिच्याभोवती दुसरी गुंडाळायची आणि वर काळी टेप मारायची, हा जोड मे महिन्यात टिकत नाही. टेपचा गोंद वितळून टेप सुटते आणि डॅशबोर्डच्या आत उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकते. जोड डागून घ्यावा, त्यावर हीटश्रिंकची, म्हणजे उष्णतेने आक्रसून घट्ट बसणारी, नळी चढवावी आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावावा, एवढे तरी झालेच पाहिजे. शेतातल्या किंवा कोठ्यालगतच्या शेडमध्ये उंदीर वायर कुरतडतात, हेही लक्षात ठेवावे. किट बंद गाडीतही सतत जागे असते. समजा ते २५ मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर दिवसाला ०.६ अँपिअर-तास, म्हणजे महिन्याला १८ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे महिनाभर उभ्या गाडीची निम्मी बॅटरी किटच खाऊन टाकते. बॅटरी आधीच जुनी असेल, तर गाडी रिमोटनेही सुरू होणार नाही आणि किल्लीनेही नाही.

गाडी कोठे उभी राहते, हा मुद्दा आपल्या भागात विशेष जपण्याचा आहे. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवण्याची आपली रीत आहे. ज्या शेडमध्ये गाडी, त्याच्याच कोपऱ्यात कुटार (वाळलेला भुसा) किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) ढीग असणे यातही काही नवल नाही. कोणी जवळ नसताना सुरू झालेल्या गाडीचा तापलेला सायलेन्सर आणि त्याखाली पसरलेले कुटार ही जोडी शेतकऱ्याने मनातच आणून पाहावी. धुराचेही तसेच आहे. शेड घराला लागून असेल आणि मधले दार उघडे असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वास न येता आत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. किटने दहा मिनिटांनी इंजिन बंद केले तरी बंदिस्त जागेत तेवढाही वेळ पुष्कळ आहे. रिमोटने सुरू होणारी गाडी उघड्यावरच उभी असली पाहिजे.

एसीच्या मोहापायी आणखी एक नुकसान होते. ४५ अंशांच्या उन्हात जुनी गाडी उभ्या-उभ्या एसीसह चालते, रेडिएटर अर्धा चोंदलेला असतो, पंखा थकलेला असतो आणि तापमानाच्या काट्याकडे पाहायला कोणी नसते. पाणी उकळून हेडचे गॅस्केट गेले, तर किटच्या अनेक पटींनी खर्च येतो. त्यामुळे आधी रेडिएटर साफ करून घ्यावा. गाडीत एसीच नसेल, तर रिमोट स्टार्टने गारवा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चारही काचा खाली करून पहिला किलोमीटर चालवणे फुकटात होते.

कायद्याची बाजू तर फारच थोड्यांना माहीत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी असताना चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस असावा लागतो, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज केलेली असावी लागते. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभी केलेली, गिअरचा पत्ता नसलेली गाडी दुकानातून बटण दाबून सुरू करणे या कलमाच्या कक्षेत येऊ शकते, हे विकणारा सांगत नाही. त्याच अधिनियमाचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. असे किट त्यात मोडते की नाही, याचा खुलासा परिवहन विभागाने सोप्या मराठीत करावा, कारण पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करायला जाणाऱ्या शेतकऱ्याची या मुद्द्यावर अडवणूक होऊ नये. विमा कंपनीलाही आधीच लेखी कळवलेले बरे, विशेषतः ज्या गाड्यांच्या किल्लीत चिप आहे आणि ती ओळखल्याखेरीज गाडी सुरू होत नाही त्यांच्याबाबतीत. तेथे किट चालावे म्हणून एक जादा किल्ली डॅशबोर्डमध्ये लपवून ठेवण्याचा प्रकार होतो, आणि चोराला याहून सोपे काम कोणते असणार?

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. विक्रेत्यांनी हाताच्या गिअरसाठीचे किट वेगळे ठेवावे आणि त्यासोबत जोडणीचा नकाशा मराठीत द्यावा. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी उन्हाळ्याआधी दोन-तीन दिवसांचा एक छोटा वर्ग कारागिरांसाठी घ्यावा. जागा आहे, मल्टीमीटर आहेत, शिकवणारेही आहेत. आणि उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांनी तपासणीला आलेल्या गाडीत असे किट दिसल्यास दंडाची पावती फाडण्याआधी हॅन्डब्रेक सोडून एकदा रिमोट दाबून पाहावा आणि गाडी सुरू झाली तर ती जोडणी तेथेच सुटी करायला लावावी.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
ता. आर्वी, जि. वर्धा