आपल्याला का नाही जमलं

प्रिय पक्या,

फोटो बघितले सगळे. पिवळा-निळा स्कार्फ, मागे ते नवंकोरं स्टेडियम आणि थंडीनं लाल झालेलं तुझं नाक. ऑफिसातल्या कुणीतरी ओढून नेलं, मॅच काय खास नव्हती पण पब्लिक भारी होतं, क्लब म्हणे फॅन लोकांनीच काढलाय, मग आपल्या पुण्यात का नाही रे जमलं असं काही? एका ओळीत विचारून मोकळा झालास तू. मी व्हॉट्सअॅपवर उत्तर टाईप करायला घेतलं तर ते संपेचना, म्हणून आता नीट बसून लिहितोय. शिव्या कमी ठेवतो, वहिनी वाचेल.

आधी तू कुठे उभा होतास ते ऐक, कारण तुला बहुतेक अर्धंच सांगितलंय. लंडनमधल्या विम्बल्डनचा जुना क्लब १८८९ चा. टेनिसवाल्यांच्या गावातला गरीब क्लब, १९७७ पर्यंत तर लीगमध्येसुद्धा नव्हता, आणि तिथून नऊ वर्षांत टॉप डिव्हिजनला. १९८८ ला वेम्ब्लीवर एफए कपची फायनल, समोर तेव्हाची लिव्हरपूल, म्हणजे विषयच नाही, आणि ह्यांनी १-० ने मारली. सांचेझचं हेडर, आणि बीझंटनं ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्ब्लीच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवणारा तो पहिलाच गोलकीपर.

मग १९९१ ला प्लाऊ लेन सोडलं, म्हणजे जुनं प्लाऊ लेन, तू होतास ते नव्हे. स्टेडियमचे नियम बदलले होते, ते ग्राऊंड त्यात बसत नव्हतं, म्हणून क्रिस्टल पॅलेसच्या सेल्हर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेले. तात्पुरतं म्हणून गेले आणि तिथेच अडकले. आपल्याकडे बिल्डर रिडेव्हलपमेंटला म्हणून बाहेर काढतो आणि मग वर्षानुवर्षं भाडंच चालू राहतं, अगदी तसंच. मधल्या काळात जुन्या ग्राऊंडची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली, आता तिथे फ्लॅट आहेत. मालक बदलले, नॉर्वेचे आले. एकदा तर डब्लिनला न्यायचं घाटत होतं, अरे दुसऱ्या देशात! शेवटी २००१ ला ठरलं मिल्टन कीन्स. नव्वद किलोमीटर, पुणे-सातारा पण भरत नाही, पण लंडनवाल्याला ते चंद्रावर. तिथे नवीन वसवलेलं मोठं शहर होतं, लीगमधला क्लब नव्हता, आणि तिथल्या लोकांना स्टेडियम आणि भोवती मोठी दुकानं असा प्लॅन करायचा होता, त्यासाठी तयार क्लब पाहिजे होता. नवीन काढून खालून वर यायला वेळ कुणाकडे आहे.

२८ मे २००२ ला एफएनं, म्हणजे तिकडच्या फुटबॉल असोसिएशननं, नेमलेल्या तीन जणांच्या कमिशननं २-१ अशा मतानं क्लब हलवायला परवानगी दिली. आणि त्यांच्या निकालात एक वाक्य होतं की फॅन लोकांनी नवा क्लब काढून पुन्हा सुरुवात करणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. हे वाक्य तिकडच्या लोकांना पाठ आहे, आजही छातीवर मिरवतात. तुझ्या त्या ऑफिसवाल्याला विचार, डोळे मिटून म्हणून दाखवेल.

पुढचं मला सगळ्यात आवडतं. महिनाभरात फॅन लोकांनी स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, आणि प्लेअर कुठून आणणार तर विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे सार्वजनिक मैदानावर, ट्रायल ठेवल्या, ज्याला यायचं त्यानं या. दोनशे तीसच्या आसपास पोरं आली. जुलैत पहिली फ्रेंडली, सटनविरुद्ध, ४-० नी हरले, आणि बघायला साडेचार हजारच्या वर पब्लिक! नवव्या पायरीवरच्या टीमला, जिथे एरवी पन्नास-शंभर लोक आणि एखादं कुत्रं असतं. त्याच सीझनला जुना क्लब अजून सेल्हर्स्ट पार्कवरच खेळत होता, वरच्या लीगमध्ये, आणि एका मॅचला माणसं आली ८४९. म्हणजे कागदावरचा क्लब एकीकडे आणि माणसं दुसरीकडे.

मग नव्या क्लबला नऊ सीझनमध्ये पाच प्रमोशन, २०११ ला मँचेस्टरला ल्यूटनविरुद्ध पेनल्टीवर जिंकून परत फुटबॉल लीगमध्ये. आणि २०२० च्या नोव्हेंबरला परत प्लाऊ लेनला, जुन्या ग्राऊंडपासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतीचं स्टेडियम होतं त्या जागी. पैसे कमी पडले तेव्हा बाहेरचा मोठा गुंतवणूकदार घ्यायचा का यावर वाद झाले, शेवटी फॅन लोकांकडूनच बॉण्ड काढून काही मिलियन पौंड उभे केले. आणि पहिली मॅच कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये! एकोणतीस वर्षं थांबलेली म्हातारी माणसं घरी टीव्हीवर बघतायत. असो. २०२५ च्या मे मध्ये वॉल्सॉलला हरवून ते लीग वनला गेले आणि मिल्टन कीन्सवाले एक पायरी खाली राहिले, तेव्हा मी इकडे बसून एकटाच टाळ्या वाजवत होतो, आई म्हणाली काय झालं.

आता आपलं.

तू २०१६ ला तिकडे गेलास त्यामुळे तू चांगले दिवस पाहिलेच नाहीस. आपली एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधली, तिचा २०१७-१८ चा सीझन म्हणजे आमची दिवाळी होती, मार्सेलिन्यो आणि अल्फारो समोर, आशिक कुरुनियन विंगवर, टीम सेमीफायनलला. बालेवाडीचं तुला माहितीच आहे, मैदानाभोवती ॲथलेटिक्सचा ट्रॅक, त्यामुळे प्लेअर इतके लांब दिसतात की नंबर वाचायला डोळे बारीक करावे लागतात, आणि मॅच संपल्यावर हायवेला रिक्षा मिळत नाही. तरी जायचो. ऑरेंज आर्मी हा फॅन लोकांचा ग्रुप एका कोपऱ्यात ढोल घेऊन, आम्ही त्यांच्या बाजूला, नव्वद मिनिटं घसा फोडायचा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात घोगऱ्या आवाजात कॉल घ्यायचे. बंगळुरूविरुद्ध इकडची सेमी ०-० झाली. तिकडच्या मॅचला छेत्रीनं दोन टाकले, मग आपल्या लुकाची फ्री किक आत गेली, २-१, अजून एक टाकला असता तर अवे गोलवर, म्हणजे परक्या मैदानावर जास्त गोल म्हणून, आपण फायनलला. आठेक मिनिटं उरली होती. मी खुर्चीवर उभा होतो रे, घरात. मग छेत्रीचा तिसरा.

पुढचा सीझन वाईट गेला, कोच बदलत राहिले, पगार-देण्याचं काहीबाही पेपरात यायला लागलं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बातमी की पुण्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद. कमिशन नाही, सुनावणी नाही, २-१ नाही की ०-३ नाही. विम्बल्डनवाल्यांना निदान भांडायला समोर कोणीतरी होतं, निकालपत्र होतं, त्यातलं एक वाक्य शिवी म्हणून वापरायला मिळालं. आम्हाला एक प्रेस रिलीज. मार्सेलिन्यो हैदराबादला, स्टँकोविच हैदराबादला, कोच फिल ब्राऊन तोही तिकडेच. त्याच उन्हाळ्यात दिल्लीची टीम उचलून भुवनेश्वरला गेली, ओडिशा एफसी झाली, तिकडच्या लोकांनाही कोणी विचारलं नाही.

आणि पुण्याचा हा पहिला क्लब नव्हता हे विसरू नको. पुणे एफसी आठव ना, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरे आले होते, खरा जीव तिथे होता आपला. २०१५ ला बंद. त्याच वर्षी भारत एफसी, एकच सीझन खेळून बंद. मग डीएसके शिवाजीयन्स, तेही २०१७ नंतर संपलं. मग हे. पाच वर्षांत चार क्लब बघितले या गावानं! ज्यांनी पुणे एफसीसाठी घसा बसवला होता त्यातले कित्येक नंतर बालेवाडीला फिरकलेच नाहीत, म्हणाले एकदा फसलो बास. त्यांना मी तेव्हा रडके म्हणायचो.

मग का नाही जमलं, तुझा प्रश्न. लोक पटकन म्हणतात की पुणेकरांना प्रेमच नव्हतं, प्रीमियर लीगच्या जर्सी घालून एफसी रोडला फिरायचं आणि बालेवाडी लांब पडते म्हणायचं. आहे, थोडं खरं आहे, मी नाकारत नाही. पाच सीझनची नाती आणि शंभर वर्षांची नाती सारखी नसतात, तिकडे आजोबांनी नातवाला नेलेलं असतं. पण माझा मुद्दा वेगळाय. विम्बल्डनच्या लोकांनी क्लब काढला तेव्हा त्यांना नवव्या पायरीवर दार उघडं होतं, आणि तिथून जिंकत गेलं की वर जाता येतं हे लेखी होतं. आम्ही २०१९ ला समजा पन्नास जणांनी वर्गणी काढून जिल्ह्याच्या लीगमध्ये टीम उतरवली असती, सगळ्या मॅच जिंकलो असतो, तर कुठे गेलो असतो? वरच्या लीगला, म्हणजे सुपर लीगला, जायला जिनाच नव्हता तेव्हा, जागा विकत घ्यावी लागायची. नंतर आय-लीग जिंकून वर जाता यायला लागलं, पंजाब गेलं २०२३ ला, मोहमेडन गेलं, पण वरून खाली तेव्हाही कोणी पडत नव्हतं. माणसांचं प्रेम जायला कुठेतरी वाट पाहिजे ना भावा. तिकडे वाट होती म्हणून ते वीस वर्षं टिकलं आणि आता गोष्ट म्हणून सांगितलं जातं, इकडे वाट नव्हती म्हणून ते जिरलं आणि लोक म्हणतात नव्हतंच.

एक अजून. विम्बल्डनवाल्यांनी मागे लागून १९८८ च्या कपची प्रतिकृती आणि जुनी सगळी चिन्हं २००७ ला त्यांच्या मर्टन बरोच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक कौन्सिलच्या, ताब्यात परत आणली, मिल्टन कीन्सनं त्या इतिहासावरचा हक्क सोडला. आपल्याकडे हैदराबादचा क्लब नवीन म्हणून धरला. म्हणजे लुकाची ती फ्री किक, अल्फारोचे गोल, हे आता कुणाचे आहेत? कुणाचेच नाहीत. बेवारस.

आपल्या ग्रुपमधला एक जण हैदराबादला सपोर्ट करायला लागला होता, नाव नाही घेत, तुला कळेल. त्याचं म्हणणं, प्लेअर तेच, कोच तोच, मग मी का बदलू. आम्ही त्याला फार पिडला. २०२२ ला हैदराबाद गोव्यात फातोर्ड्याला केरळला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन झाली, मूळ गोव्याच्या गोलकीपर कट्टीमनीनं शूटआऊट गाजवला, आणि पुण्यातून गेलेला निखिल पुजारी अजून त्या टीममध्ये होता. तेव्हा तो एकटा नाचत होता, आम्ही चौघं गप्प. मला विचारशील तर मला नाही जमलं. प्लेअरसाठी नव्हतो जात मी, बालेवाडीला जायचो, आणि बालेवाडी काही हैदराबादला गेली नाही.

आणि गंमत बघ, २०२५ ला तोच क्लब मालक बदलून दिल्लीला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली. ज्या दिल्लीतून सहा वर्षांपूर्वी एक टीम उचलली होती तिथेच. पहिल्यांदा मला हसू आलं, खरं सांगतो, म्हटलं घ्या. पण हैदराबादच्या पोरांचे पोस्ट वाचले आणि गचिबोवलीच्या स्टँडचे फोटो, खाली तीच वाक्यं जी आम्ही २०१९ ला लिहिली होती, अगदी तीच. त्यांच्याकडे तर ट्रॉफी पण होती.

तुझ्या कोल्हापूरचं मात्र मला नेहमी वाटतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात, हुल्लडबाजी आवरायला पोलीस आणावे लागतात, ते तू मला अभिमानानं सांगायचास. आता कोणी येऊन म्हणाला की पाटाकडील तालीम आम्ही सांगलीला नेतो, तिकडे मार्केट चांगलंय, तर काय होईल? स्टेशनपर्यंत पोचेल का तो माणूस? तिथे प्रेम आहे ते माणसं वेगळी म्हणून नाही, मंडळ पेठेचं आहे म्हणून. विकणार कोण आणि कुणाला. महाराष्ट्रात फुटबॉलला पब्लिक नाही म्हणणाऱ्यांना मी शाहू स्टेडियमचे व्हिडिओ पाठवतो, उत्तर येत नाही.

यंदा मे मध्ये कोल्हापूरला मॅच बघायला जाणारे मी, तुझ्या दादाला सांगितलंय, जेवणाची सोय त्यानं घेतलीय अंगावर, तिकीट मी बघतो.

तू एक काम कर. विम्बल्डनचा क्लब डॉन्स ट्रस्ट नावाच्या संस्थेच्या हातात आहे, एक मेंबर एक मत असा प्रकार. बाहेरच्या देशातल्या माणसाला मेंबर होता येतं का ते त्या ऑफिसवाल्याला विचार. होत असेल तर माझं नाव टाक, पैसे लगेच पाठवतो. आणि पुढच्या वेळी मॅच खास नव्हती असं लिहू नकोस, स्कोअर लिही, गोल कुणी मारले लिही.

तुझाच,
बंड्या