ठमीला लंघन नको

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तो रागाने, की ठमीला पुन्हा उलटी झाली म्हणून? आई म्हणते, रागाने. असू दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आजीचं ऐकून ठमीला उपाशी ठेवू नकोस. पोट बिघडलं की लंघन, यावरच आपलं घर वाढलं. मांजराला ते चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मूळ दुखणं बाजूलाच राहतं. जाड मांजरांना हा धोका जास्त, पण वाळलेल्या ठमीकडे तरी उपास झेपायला काय उरलंय?

‘बाबा, तुम्ही गुरांतले डॉक्टर’ असं म्हणालीस. खरंय, जन्म म्हशींच्या पोटफुगीत गेला. पण रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायची घाण, वाढलेलं दिसतं तोवर किडनीचा बराचसा भाग कामातून गेलेला असतो, एवढं मलाही कळतं. जी घाण बाहेर पडायची ती रक्तात राहते, त्यानेच मळमळतं. ठमी वाटीपाशी येते, हुंगते, ओठ चाटते आणि तोंड फिरवते ना? तो नखरा नाही. भूक आहे, पण पोटात ढवळतंय. म्हणून डॉक्टरांना आधी उलटीचं औषध विचार, मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन. किडनीचं खास खाणं आत्ताच पुढे करू नकोस; मळमळीत त्या वासाची शिसारी आली तर पुढे ती त्याला तोंड लावणार नाही. सध्या खाईल ते. ओलं खाणं कोमट करून, चमचा-चमचा. उकडलेलं चिकन चालेल, कांदा-लसूण अजिबात नको. दूध नको. आणि पॅरासिटामॉल चुकूनही नको, एका गोळीने मांजर जातं.

शी खडे-खडे होते म्हणालीस. किडनी पाणी धरत नाही, मग शरीर ते आतड्यातून ओढून घेतं. कुंथता कुंथताही मांजर ओकतं. कातडीखालचं सलाइन चुकवू नकोस. बाटली आधी कोमट पाण्यात ठेव, गार गेलं की ती अंग चोरते.

भाषण झालं, माफ कर. सुई दिसली की चक्कर येऊन पडणारी तू, आता एकटीने तिच्या खांद्यामागची कातडी उचलून सलाइन लावतेस, हे मी शेजारच्या सगळ्यांना सांगून झालंय. दहावीच्या पावसाळ्यात तू हिला दवाखान्यामागच्या कडब्यातून दप्तरात घालून आणलीस. आई म्हणाली होती, घरात मांजर राहील नाहीतर मी. आठवड्याभरात बांगड्याची डोकी वेगळी काढून ठेवायला लागली. वरच्या खोलीची खिडकी अजून तिच्यासाठीच अर्धी उघडी असते.

दादाला काही बोललो नाही, तू नको म्हणालीस म्हणून. पण तिथे रात्री दीड वाजता तुझ्याजवळ कोणी नसतं, ते मला आवडत नाही.

तर, एक दिवस खाल्लं नाही की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. गरज पडली तर नळीने भरवतात, त्याला घाबरू नकोस. हे आधीच सांगितलंय, ठाऊक आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. आजीला फोन केलास तर लंघनाचा विषय काढू नकोस, ती आधीच माझ्यावर फुगून बसलीय. ठमीने खाल्लं की मेसेज कर, किती चमचे तेही.

तुझा,
बाबा