कोयता उचलण्याआधी तपासणी : महिला ग्रामसंघाचे गावकऱ्यांना आवाहन

दसरा झाला की आपल्या गावातले कोयते ऊसतोडीला निघतील. उचल घेऊन झालेली असते, आणि पुढचे पाच-सहा महिने आपल्या बायका फडावर असतात. तिथं दुखलं-खुपलं तरी दवाखान्याचं नाव निघत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. म्हणून ग्रामसंघाने ठरवलं आहे : ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी दसऱ्याच्या आत झाली पाहिजे.

पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढा काळ बाईला काहीच जाणवत नाही. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसू लागतं, तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. देशात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना हा आजार होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात.

तपासणी काही मिनिटांची आहे. नर्स गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखंच द्रावण, लावून मिनिटभर थांबते. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवतात. डाग म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींचं काम तिथंच, छोट्या उपचारावर भागतं. हा आजार ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो तो इतका सर्रास आढळतो की त्यावरून कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवणं हा शुद्ध अन्याय आहे. सासवांनी आणि नवऱ्यांनी हे नीट ऐकावं.

आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले, आणि २००९ साली हे साऱ्या जगाने वाचलं. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली, तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ज्या जिल्ह्याने जगाला हे दाखवलं, तिथल्याच बाईची तपासणी राहून जावी हे आम्हाला पटत नाही. आपल्या आरोग्य केंद्रात व्हिनेगरच्या तपासणीची सोय आहे. मात्र ती एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावी लागते.

आणखी एक. अंगावरून पांढरं जातंय म्हटल्यावर "कॅन्सर होईल" अशी भीती घालून गर्भपिशवी काढायला लावल्याचं आपण आपल्या भागात पाहिलं आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांबद्दल हे विधिमंडळापर्यंत गेलं. हाती तपासणीचा कागद असेल तर बाई विचारू शकते, ऑपरेशन कशासाठी?

तपासणीला पैसे पडत नाहीत. अडतं ते इतर गोष्टींवर. तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या बायकांना आणायला जीप किंवा टेम्पो हवा. आडोशासाठी जाड पडदे, तपासणीचं टेबल आणि चांगला दिवा हवा. ज्यांना जिल्हा रुग्णालयात जावं लागेल त्यांचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी भरून द्यायची आहे. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण डाग सापडूनही बाई पुढे गेली नाही तर सगळं वाया.

ज्यांची गाडी आहे त्यांनी एक दिवस द्यावा. मुकादमांनी आपल्या टोळीतल्या बायकांची नावं आशाताईंकडे द्यावीत. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या गावच्या मुलामुलींनी जमेल ती रक्कम ग्रामसंघाच्या खात्यात भरावी. शंभर रुपयांचीही पावती मिळेल आणि सगळा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवू. पाळी चालू असलेल्या किंवा गरोदर बायकांनी आशाताईंना सांगून नंतरचा दिवस घ्यावा.

— महिला ग्रामसंघाच्या सर्व सभासद