दारुड्याला लिव्हर कशाला?

संपादक महोदय,

दान केलेला अवयव वेळेत पोहोचवायच्या ग्रीन कॉरिडॉरसाठी रस्ते थांबले की आम्हा इंदूरकरांची कॉलर ताठ होते. पण पोह्यांच्या ठेल्यावर कुणीतरी म्हणतोच, ‘दारुड्याला लिव्हर कशाला? वाया!’ लिव्हर प्रत्यारोपणाआधी सहा महिने दारू सोडा, ही अट अनेक ठिकाणी असते. दारूमुळे गंभीर हिपॅटायटिस (लिव्हरला सूज) झालेला तेवढा जगतोच कुठे? 2011च्या फ्रेंच-बेल्जियन अभ्यासात निवडक रुग्णांवर लवकर प्रत्यारोपण झाले: सहा महिन्यांनी 77 टक्के जिवंत होते, प्रत्यारोपण न झालेल्यांत 23. निवड अर्थात फार कडक होती.

माझा आक्षेप दारूमागच्या नैराश्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल आहे. काकू गेल्यावर शेजारचे काका दार लावून प्यायचे. फाइलमध्ये सोनोग्राफीचे रिपोर्ट गच्च, मानसोपचारतज्ज्ञाची एक चिठ्ठी नाही. लिव्हरच्या ओपीडीतच मानसोपचारतज्ज्ञ बसवा.

– एक वाचक, रामबाग, इंदूर